वसंताच्या वाट्याची सकाळ

आमच्या गावात वसंताला ‘क्रॉसिंगवाला वसंता’ म्हणतात. पूर्वी चिडवायला म्हणायचे, आता पत्ता सांगायला म्हणतात. वय अठ्ठावीस, अंगाने काटक, बोलणं मोजकं. बियाण्याच्या प्लॉटवर काम करणारी चौदा माणसांची टोळी तो चालवतो. दहावीपर्यंत तो माझ्या वर्गात होता आणि त्याची बहीण रेणुका माझ्या बाकावर. वसंता वर्षाने मोठा, पण दोघांना एकाच दिवशी शाळेत घातलं होतं. मी आता नवीन जालन्यात नोकरी करते. गावी गेले की त्याच्या ओट्यावर चहा होतोच, आणि चहा झाला की आमचं बोलणं फिरून त्या दहावीच्या वर्षावर येतं.

आमचं गाव जाफराबादपासून जीपने अर्ध्या तासावर. दोन एकरवाला माणूससुद्धा त्या काळी त्यातला अर्धा एकर कंपनीच्या कपाशीच्या बियाण्याला द्यायचा. हायब्रीड बी आपोआप होत नाही. दुपारनंतर ओळीत शिरायचं, उद्या उमलणारी कळी ओळखायची, अंगठ्याच्या नखाने तिच्या पाकळ्या आणि आतले पुंकेसर सोलून काढायचे आणि खूण म्हणून लाल कागदाचा तुकडा अडकवायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी नराच्या ओळीतलं फूल आणून त्या सोललेल्या कळीवर फिरवायचं आणि देठाला दोरा बांधायचा. याला सगळे क्रॉसिंग म्हणतात. ऑगस्ट-सप्टेंबर असे दोन महिने, एक दिवसही खाडा न करता.

हे काम बायकांचं आणि मुलींचं. पुरुषाचा हात जड, कळी मोडते, असं सगळे म्हणायचे. पुरुष तर फारच खात्रीने म्हणायचे. आषाढापासूनच मुली उजव्या अंगठ्याचं नख वाढवायला लागत. दर सोमवारी शाळेत नखं तपासणारे गोरक्षनाथ सर मुलींच्या त्या एका नखाकडे बघायचे आणि काही न बोलता पुढे जायचे. त्यांच्याही घरी प्लॉट होता.

वसंताची थोरली बहीण बेबीनंदा नववीत असताना अशीच प्लॉटवर गेली. दोन महिन्यांनी परत येणार होती. पण दिवाळीनंतर वर्गात बसायची तिला लाज वाटायला लागली, कारण सगळेच विषय पुष्कळ पुढे गेले होते. पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं.

आम्ही दहावीत गेलो तेव्हा रेणुकाची वेळ आली. रेणुका वर्गात पहिली यायची. तिची आई वच्छलाबाई, जिला घरात सगळे माय म्हणत, तिने शाळा सुरू व्हायच्या आधीच सांगून टाकलं.

“नागपंचमीपस्तोर जाय शाळेत. मंग दोन महिने प्लॉट. पुढचं पुढं बघू.”

“पुढचं पुढं बघू हे तू अक्कालाबी म्हणल्ती,” रेणुका म्हणाली.

 प्लॉटवर माय एकटी होती आणि कळ्या कुणासाठी थांबत नाहीत, हे रेणुकालाही माहीत होतं. त्या दिवसापासून ती माझ्या वहीत तारखा मोजायला लागली. नागपंचमीला किती दिवस राहिले, एवढंच.

त्याच वर्षी शाळेत समानतेचा तास सुरू झाला. शिवकन्याताई दर शनिवारी जालन्याहून एसटीने यायच्या. बारीक चणीच्या, आवाज मात्र मैदानाच्या पलीकडे जाणारा, पिशवीत कायम भाजके शेंगदाणे. आठवड्यातला तो शेवटचा तास, म्हणून आम्हाला तो अर्ध्या सुट्टीसारखा वाटायचा. पहिले काही शनिवार त्यांनी चित्रं दाखवली. एका चित्रात बाई ट्रॅक्टर चालवत होती, दुसऱ्यात बाप तान्ह्या पोराला न्हाऊ घालत होता. मागच्या बाकावरचा अकिब म्हणाला, “ताई, हा बाप आमच्या गावात आला तर चहा पाजू बराबर, पर पोरगी कोनी देनार न्हाई.” सगळा वर्ग हसला. ताईही हसल्या.

मग एका शनिवारी त्यांनी चित्रं आणलीच नाहीत. हेडमास्तरांकडून मागून जुनी हजेरीपुस्तकं आणली, नववी-दहावीची, मागच्या पाच-सहा वर्षांची. म्हणाल्या, “मी काही सांगणार नाही आज. तुम्हीच वाचा. फक्त ऑगस्ट आणि सप्टेंबर.” वसंता वर्गाचा मॉनिटर होता, म्हणून पहिलं पुस्तक त्याच्या हातात आलं. मुलांची नावं झाली, हजर, हजर, एखाद-दुसरा गैरहजर. मुलींची नावं सुरू झाली तशी ‘गै’ ‘गै’ अशी रांग लागली. पाचव्या-सहाव्या नावावर तो अडला.

“बेबीनंदा सांडू,” त्याने वाचलं. मग, “गै. गै. गै. गै.”

प्रत्येक चौकटीतला ‘गै’ तो वेगळा वाचत होता. हसणं थांबलं. ताई म्हणाल्या, “बस, वसंता, कळलं.” तो थांबला नाही. ऑगस्ट संपवला, सप्टेंबर संपवला, पुढची पानं उलटली. तिथे नावावर तांबड्या शाईची रेघ मारलेली होती. तीही त्याने वाचली. “लाल रेघ,” म्हणाला आणि पुस्तक मिटून खाली बसला. रेणुका माझ्या शेजारी मान खाली घालून बाकाचा ढिला खिळा काढत होती.

घरी जाताना वसंता सायकल हातात धरून आमच्याबरोबर चालत आला.  मग त्याने मला विचारलं, “नख वाढायला किती दिवस लागत्यात?”

“कशाचं?”

“अंगठ्याचं.”

पुढच्या सोमवारी गोरक्षनाथ सर त्याच्यापाशी थांबले. मुलींना सोडणारे सर मुलांना सोडत नसत.

“काय रे, हे काय? नेलपॉलिश लावायची का?”

“न्हाई सर. प्लॉटवर जायचंय.”

“तू?” सरांनी पट्टी मारली ती सवयीने, पण डोळ्यांत खरंच आश्चर्य होतं. वर्गाला नवं नाव मिळालं, वसंताबाई. तीन सोमवार पट्टी बसली आणि तीन सोमवार नख तसंच राहिलं. चौथ्या सोमवारी सर त्याच्या अंगठ्याकडे बघून पुढे गेले.

नख आलं, पण हात कुठे आजमावायचा? प्लॉटमध्ये शिरला असता तर बापाने हाकललं असतं. त्यांच्या परसात भेंडी होती. भेंडीची कळी आणि कपाशीची कळी दिसायला सख्ख्या बहिणी. वसंता रोज शाळेतून आला की परसात जायचा आणि भेंडीच्या कळ्या सोलायचा. पंधरा-वीस दिवस घरात एक भेंडी मिळाली नाही. त्याचे वडील सांडूआप्पा पंप पाठीला लावून भेंडीवर दोनदा फवारणी करून आले.

“औंदा काय रोग पडला भेंडीवर, समजून न्हाई राह्यलं,” ते सगळ्यांना सांगायचे.

शेवटी मायने त्याला कळी हातात असतानाच पकडलं.

“मेल्या, रोग तू हायेस व्हय!”

तिथेच परसात त्याने तिला सांगितलं की रेणुकाला शाळेत जाऊ दे, क्रॉसिंगला मी येतो. मायने त्याचं नख बघितलं, सोललेल्या दोन-चार कळ्या बघितल्या आणि आत निघून गेली. रात्री जेवताना तिने विषय काढला तेव्हा आप्पा भडकले. एक तर पोराचा हात जड. त्यात कंपनीचा साहेब दर आठ दिवसांनी पाहणीला येतो. प्लॉट नापास केला तर पुढच्या साली बी देणार नाही. आणि गाव काय म्हणेल ते वेगळंच. मायने मधला रस्ता काढला. नागपंचमीच्या आधीच कळ्या धरायला लागल्या होत्या. कडेची बारा झाडं वसंताची. त्याचा दोरा पिवळा, बाकी सगळ्यांचा पांढरा. आठ दिवसांनी बघू, बोंडं धरली तर बोलू.

ते आठ दिवस रेणुका वर्गात असून नसल्यासारखी होती. पिवळ्या दोऱ्यावर तिची दहावी लटकलेली होती. मीही रोज तिच्याबरोबर बांधावर जाऊन बघायचे. सहाव्या दिवशी गळ सुरू झाली. सातव्या दिवशी पिवळ्या दोऱ्याच्या झाडांखाली वाळक्या कळ्यांचा सडा होता. शंभरातल्या दहासुद्धा टिकल्या नव्हत्या.

“म्हणलो न्हवतो?” आप्पा म्हणाले. त्यांच्या आवाजात आनंद नव्हता, सुटका होती. “जड हात. बायकांचं काम बायकाच करत्यात.”

वसंता झाडासारखा उभा होता. रेणुकाने दप्तर खांद्यावरून काढून बांधावर ठेवलं, जणू आजपासूनच त्याची गरज नाही. माय मात्र खाली बसली. तिने पडलेल्या कळ्या पदरात गोळा केल्या आणि एकेक तळहातावर घेऊन, वळवून, उन्हाकडे धरून बघायला लागली. दहा-बारा झाल्यावर म्हणाली, “यातली एक तरी मोडलेली दाखवा मला. नीट सोलली हाये. माझ्यापेक्षा निगुतीनं सोलली हाये.”

“मंग गळाली कशी?” आप्पा.

मायने वसंताला विचारलं, “सकाळी किती वाजता फूल फिरवीत होतास?”

“सातला यायचो. साडेआठपस्तोर आटपायचो.”

“एवढ्या जल्दी?”

“शाळा बुडू न्हाई म्हणून.”

माय हसायलाच लागली. “आरं लेकरा, नराचं फूल नऊच्या आत उकलतं तरी का? दंव असतंय त्याच्यावर. वलं फूल फिरवून काय हुतंय? पिवळी भुकटी बोटाला लागली का कधी?”

वसंताने बोटं बघितली. कधीच लागली नव्हती.

“हात जड न्हाई,” माय आप्पांना म्हणाली. “येळ चुकली.”

एवढं होऊनही पेच सुटला नव्हता, उलट उघडा पडला. फुलं नऊनंतर उकलतात, काम बारा-साडेबारापर्यंत चालतं, शाळा दहाला भरते. वसंताला क्रॉसिंग करायचं तर शाळा बुडवावीच लागणार होती. आप्पांनी त्यावरच बोट ठेवलं.

“पोराचं दहावीचं वरीस हाये. वाया घालू का?”

“आन पोरगी काय पाचवीला हाये?” माय म्हणाली.

 माझ्या आठवणीत त्यांच्या घरात असा प्रश्न पहिल्यांदाच विचारला गेला होता, आणि विचारणारीलाही तो नवीन होता. बोलून झाल्यावर ती स्वतःच जराशी दचकल्यासारखी दिसली.

मग तिने वाटणी केली. कळ्या सोलायचं काम दुपारचं, फूल फिरवायचं सकाळचं. एकाने सकाळी शाळा बुडवायची, एकाने दुपारी. कुणी काय घ्यायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. रेणुकाने तोंड उघडायच्या आत वसंता म्हणाला, “सकाळ माझी.”

वर्गात सगळे म्हणाले, बघा, गणित चुकवतोय. कारण आमचे गणिताचे आणि विज्ञानाचे तास सकाळी असायचे. दुपारच्या सुट्टीनंतर हिंदी, इतिहास, चित्रकला, खेळ. मलाही आधी तसंच वाटलं. वसंता गणिताला घाबरायचा हे खोटं नव्हतं. पण आयटीआयला इलेक्ट्रिशियनला जायचं त्याच्या मनात होतं आणि त्याला गणिताचे मार्क लागतात हे त्याला माझ्यापेक्षा बरं माहीत होतं. रेणुकाने त्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, “सकाळी कळ्या बोलत न्हाईत, सर लई बोलत्यात.” तेवढंच. पुन्हा त्या विषयावर तो बोलला नाही.

त्या दोन महिन्यांतल्या दुपारी मला आजही दिसतात. दीडला जेवणाची सुट्टी झाली की मी रेणुकाच्या सायकलच्या मागे बसायचे, माझं घर त्याच वाटेवर होतं. प्लॉटच्या बांधावर वसंता हात धुऊन उभा असायचा. ती उतरायची, तो चढायचा. सायकल एकच, विज्ञानाचं पुस्तकही एकच. मधल्या दोन-तीन मिनिटांत सकाळची शाळा त्याला सांगून व्हायची.

“आज काय?”

“स्पर्शिका. वर्तुळाला एकाच बिंदूत टेकती.”

“एकाच? मंग टिकती कशी?”

“टिकायचं न्हाई तिला, नुसतं टेकायचं.”

“बरंय तिचं,” म्हणून तो निघायचा. घाईत धुतलेल्या हातांना पराग चिकटलेला असायचा. त्याच्या हिंदीच्या वहीची त्या दोन महिन्यांतली पानं सगळी पिवळट डागांची आहेत. वसंताबाई हे नाव गणपतीपर्यंत चाललं, मग आपोआप मागे पडलं, कारण चिडवणाऱ्यांतल्या दोघांच्या बहिणींनी ‘तूबी चल प्लॉटवर’ म्हणून घरी भांडणं काढली होती. आप्पांनी कळीला हात लावला नाही तो नाहीच. पण सप्टेंबरात एकदा मी बघितलं, ते किटलीतून चहा घेऊन बांधावर आले होते. चहा कुणी केला असं मायने विचारलं, तर म्हणाले, “पी गुमान. साखर जास्त झाली.”

प्लॉट पास झाला. साहेब पिवळ्या दोऱ्याच्या बोंडांपाशी थांबून म्हणाला, “ही बाई कोण हो? हिला सोडू नका.” मायने बोट दाखवलं तेव्हा तो वसंताकडे बघतच राहिला.

जूनमध्ये निकाल लागला. रेणुकाला चौऱ्याऐंशी टक्के. वसंताला एक्कावन्न, गणितात काठावर पस्तीस. इलेक्ट्रिशियनला नंबर लागणार नाही हे मार्कांचा कागद हातात आला तेव्हाच कळलं. तो कागद त्याने घडी घालून खिशात ठेवला आणि पेढे आणायला गेला.

दुपारी बेबीनंदा जीपने आली. कडेवर वर्षाचं मूल. रेणुकाच्या तोंडात तिने पेढा घातला, गालावरून हात फिरवला, मग मायसमोर बसली. आम्ही तिथेच होतो.

“माय, माझ्या टायमाला का न्हाई केलं असं?”

माय सुपात तांदूळ निवडत होती. “तुझ्या टायमाला मला कुणी इचारलंच न्हाई.”

“मी रडल्ते ना,” बेबीनंदा म्हणाली. “मंग ते काय होतं?”

मायचा हात सुपात थांबला.  वसंता तेव्हा पाचवीत होता, त्याचा काय दोष? पण त्याचं तोंड असं झालं होतं की जणू तिने त्यालाच विचारलं. ती संध्याकाळच्या जीपने परत गेली. जाताना पेढ्यांचा पुडा घरीच राहिला.

रेणुकाने पॉलिटेक्निक केलं. ती आता जालन्याच्या एमआयडीसीत तपासणी विभागात आहे, आणि लग्नाचं इतक्यात नाव काढायचं नाही असं तिने घरी सांगून ठेवलंय. वसंता गावात राहिला. बाहेरून बीए केलं, पण पोट प्लॉटवर भरलं. त्याच्या टोळीत नऊ बाया आणि पाच पुरुष आहेत, आणि शाळेत जाणारं पोर तो घेत नाही, त्याच्या आईबापाने कितीही गळ घातली तरी. लग्नाच्या वेळी दोन स्थळं मोडली. ‘पोरगा बायकांत बसतो’ असा निरोप आला होता. तिसरी अंजू. ती जाफराबादला दवाखान्यात नर्स. बघायला गेला तेव्हा तिनेच विचारलं होतं.

“माझी रात्रपाळी असती. सैपाकाचं कसं?”

“भाकरी येती, वरण येतं. पुरणपोळी न्हाई.”

“पुरणपोळी मलाबी न्हाई येत,” अंजू म्हणाली आणि ठरलं.

मागच्या वर्षी बेबीनंदाने मनात ठेवलेलं बाहेर काढलं. तिला दहावी व्हायचं होतं. वय एकतीस, मुलगा सातवीत. सतरा नंबरचा फॉर्म भरून घरून परीक्षा देता येते हे तिला मुलाच्या शाळेतून कळलं होतं. फॉर्म वसंताने भरला. पण तिच्या सासरीही प्लॉट, आणि ऑगस्ट-सप्टेंबर तिथेही तिच्यावरच. तेव्हा हा रोज सकाळी मोटरसायकलने बारा किलोमीटर जायचा, बहिणीच्या वाट्याची फुलं फिरवायचा आणि दुपारी आपल्या टोळीवर परतायचा. ती तेवढा वेळ घरात पुस्तक घेऊन बसायची. तिचा नवरा रामराव आठ दिवस बांधावरून बघत राहिला. नवव्या दिवशी म्हणाला, “मेव्हणे, तुमी काम करून राह्यले आन लोक मला नावं ठेवून राह्यले.”

“मंग लोकांचं तोंड बंद करणं तुमच्याच हातात हाये, दाजी. या ह्या वळीत.”

रामराव आला. पहिल्या दिवशी त्याने इतक्या कळ्या मोडल्या की मला सांगताना वसंताला हसू आवरत नव्हतं. “दाजीचा हात खरंच जड हाये. पर येतो रोज. न सांगता येतो.”

यंदाच्या मे महिन्यात मी गावी होते, निकालाच्या दिवशी. वसंताच्या ओट्यावर आम्ही सगळे बसलो होतो. अंजू ड्युटीवरून नुकतीच आली होती, त्यांची तीन वर्षांची पोरगी वसंताच्या मांडीवर. बेबीनंदाचा फोन आला. वसंताने ऐकलं, हूं हूं केलं आणि ठेवला.

“सगळे विषय सुटले. इंग्रजी राहिलं. जुलैत फेरपरीक्षा हाये म्हणती. बसू का नको, इचारून राह्यली.”

आप्पांनी मायकडे बघितलं. माय भिंतीला टेकून बसली होती. तिला आता डोळ्यांनी नीट दिसत नाही, कळ्या सोलणं केव्हाच सुटलं.

“जुलैत प्लॉट मोकळाच असतो,” ती म्हणाली. “जाय म्हणावं.”

वसंताने पुन्हा फोन लावायला घेतला. नंबर लागायच्या आत तिने त्याच्या दंडाला हात लावला.

“आन सांग तिला, ऑगस्टात असती तरी जाय म्हणले असते.”